पेसमेकरवाल्या माणसाला मान देऊन पुढं बसवू नका : सीटबेल्ट त्रास न होता कसा लावायचा

मला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी घरातली सगळी न्यायला आली होती, आणि आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहितीच आहे, आजारी माणूस असू दे, वयस्कर असू दे, जावई असू दे, त्याला "तुम्ही पुढं बसा" म्हणायचं. मी पण बसलो पुढं. पोरानं बेल्ट लावून दिला, तो डाव्या खांद्यावरनं खाली आला आणि कॉलरबोनच्या खाली जिथं टाके होते बरोब्बर तिथंच जाऊन बसला. कोल्हापुरात दसरा चौकात एक रिक्षा आडवी आली, पोरानं ब्रेक मारला, बेल्ट खटकन लॉक झाला आणि माझ्या डोळ्यापुढं काजवे चमकले. तिथनं शिवाजी पेठेत घर येईस्तोवर मी बेल्ट काखेखालनं घेऊन बसलो होतो. ते पण चुकीचंच होतं, का ते पुढं सांगतो.

त्याला आता दीड वर्ष झालं. मधल्या काळात कागलच्या मावशीला पण पेसमेकर बसला, त्यामुळं घरात दोन पेशंट, एक पँट-शर्टवाला आणि एक नऊवारीवाली, दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. आम्ही काय काय करून बघितलं, डॉक्टरांना आणि मशीन चेक करायला येणाऱ्या टेक्निशियनला काय काय विचारलं ते सगळं इथं लिहितोय. मी डॉक्टर नाही, जखम कच्ची असताना तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पेसमेकर बहुतेक लोकांना डाव्या बाजूला बसवतात, कॉलरबोनच्या जरा खाली, कातडीच्या आत एक खिसा करून. उजव्या हातानं कामं करणाऱ्याला डावी बाजू सोयीची म्हणून. डावखुरा असंल तर कधीकधी उजवीकडं बसवतात. आणि गाडीचा बेल्ट कुठनं येतो? दाराकडच्या खांबावरनं. म्हणजे डावीकडच्या सीटवर बसला की डाव्या खांद्यावरनं आणि उजवीकडच्या सीटवर बसला की उजव्या खांद्यावरनं. एवढंच गणित आहे, पण हे मला कुणी सांगितलं नाही. उलट मी नेटवर बघायला गेलो तर सगळीकडं "ड्रायव्हरला त्रास होतो, शेजारी बसणाऱ्याला होत नाही" असं लिहिलेलं, आणि मी चक्रावलोच, कारण माझं तर शेजारी बसूनच वाटोळं झालेलं. नंतर ट्यूब पेटली की ते अमेरिकेतलं आहे, तिथं स्टिअरिंग डावीकडं. आपल्याकडं सगळं उलटं. आपल्या गाडीत ड्रायव्हरचा बेल्ट उजव्या खांद्यावरनं येऊन छातीच्या मधनं डाव्या कमरेला जातो, डावीकडच्या पेसमेकरला तो सहसा लागतच नाही.

म्हणजे मानाची जागा जी आहे, ड्रायव्हरशेजारची, तीच डाव्या पेसमेकरवाल्याला सगळ्यात वाईट. तशीच तिच्या मागची. चांगली जागा कुठली, तर ड्रायव्हरच्या बरोबर मागची. तिथं बेल्ट उजव्या खांद्यावरनं येतो. मावशीला हे पटवायला मला दोन वेळा कागलला जावं लागलं, तिचं म्हणणं, "मागं बसायला मी काय परकी हाय व्हय रे?" आता तिला कोण सांगणार की हे मानापानाचं नाही, बेल्टचं आहे. ज्यांचा पेसमेकर उजवीकडं आहे त्यांनी हे सगळं उलटं वाचायचं, त्यांना डावीकडची सीट बरी. आणि मागची मधली जागा म्हणाल तर गाडीगाडीत फरक आहे, नवीन गाड्यांत तीन पॉइंटचा बेल्ट असतो पण तो कुठल्या खांद्यावरनं येतो ते बघून घ्यावं लागतं, जुन्या गाड्यांत तिथं नुसता कमरेचा पट्टा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर पेशंटला बसवू नका, छातीला लागत नाही म्हणून बरं वाटतं पण ब्रेक लागला की वरचं सगळं अंग पुढं जातं.

मागच्या सीटचं अजून एक लफडं. आपल्याकडं गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात सीटकव्हर, आणि सीटकव्हरवाला मागच्या बेल्टचे लॉक कव्हरखाली गाडून टाकतो. आमच्या गाडीत ते सहा वर्षं तसेच होते, कुणाला पत्ता नाही. मावशीला आणायला जायच्या आदल्या रात्री मी बॅटरी लावून सीटच्या फटीत हात घालून शोधत बसलो, एका लॉकमध्ये शेंगदाण्याची टरफलं निघाली. सीटकव्हरवाल्याकडं गेलो तर त्यानं ब्लेडनं दोन चिरा मारून कडा शिवून दिल्या, पाच मिनिटाचं काम. हे आधी करा, पेशंट गाडीत बसल्यावर नाही.

आता बेल्ट लावायचा कसा. सुरुवातीचे चार ते सहा आठवडे ज्या बाजूला पेसमेकर आहे तो हात खांद्याच्या वर उचलायचा नाही, मागं ताणायचा नाही, जड काही उचलायचं नाही असं बहुतेक सगळे डॉक्टर सांगतात, कारण आतली वायर हृदयात पक्की रुजायला वेळ लागतो. आणि बेल्ट ओढताना आपण काय करतो? दाराकडचा हात वर-मागं नेऊन पकडतो. डावीकडच्या सीटवर बसला असाल तर तो डावाच हात की! म्हणून डावीकडं बसायची वेळ आलीच तर बेल्ट उजव्या हातानं छातीसमोरनं जाऊन पकडायचा, जरा डावीकडं वळून, किंवा सरळ कुणालातरी ओढून द्यायला सांगायचं. लाजायचं काय त्यात. पण हात हलवायचाच नाही असं पण करू नका, मी घाबरून महिनाभर हात पोटाशी धरून फिरलो आणि खांदा आखडला, मग फिजिओकडं वेगळ्या चकरा. खांद्याच्या खालच्या हालचाली चालू ठेवायच्या असतात.

बेल्ट सावकाश ओढायचा. झटक्यात ओढला की तो लॉक होतो आणि मग माणूस अजून जोर लावतो. लॉक झाला तर सोडून द्या, थोडा आत जाऊ दे, परत हळू ओढा. लॉकमध्ये अडकवला की पहिला कमरेचा पट्टा खाली सरकवून मांडीच्या वर, कमरेच्या हाडावर बसवायचा, पोटावर नाही. आमच्यासारख्या ढेरीवाल्यांनी पोटाखालनं घ्यायचा. मग वरचा भाग एकदा वर ओढून सैल उरलेला बेल्ट आत जाऊ द्यायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण कमरेचा पट्टा ढिला असला की सगळा भार छातीवरच्या पट्ट्यावर येतो आणि आपल्याला नेमकं तेच नकोय.

वरचा पट्टा गळा आणि खांद्याच्या मधोमध, कॉलरबोनच्या मध्यावर आणि छातीच्या हाडावरनं गेला पाहिजे. गळ्याला घासायला नको आणि खांद्यावरनं घसरायला पण नको. पेसमेकर साधारण खांद्याच्या बाजूला असतो, त्यामुळं पट्टा दोन बोटं जरी आत सरकला तरी फुगवटा मोकळा होतो. हे दोन बोटांचं अंतर मिळवायचं कसं, तर बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या बाजूच्या खांबावर बेल्ट वरखाली करायचा एक सरकता खटका असतो, बटण दाबून सरकवायचा. वर केला की पट्टा गळ्याकडं येतो, खाली केला की खांद्याकडं जातो. नवरा-बायकोची उंची वेगळी असली की हा खटका कुणीच हलवलेला नसतो, एकदा हलवून बघा. खटका नसंल तर सीट वरखाली होते का बघा, सीट खाली घेतली की पट्टा गळ्याकडं येतो. बुडाखाली जाड लोड किंवा मऊ उशी मात्र नको, माणूस वर उचलला की पट्टा उलट खांद्याकडं जातो, आणि उशी दबली की माणूस बेल्टखालनं घसरतो. आणि सीट फार मागं पाडून झोपल्यासारखं बसू नका, पट्टा छातीपासनं सुटून हवेत राहतो आणि ब्रेक लागला की मग आदळतो.

एवढं करून पण टोचत असंल तर मऊ काहीतरी मध्ये घालायचं. दुकानात बेल्टवर गुंडाळायचे फोमचे, लोकरीचे पॅड मिळतात, वेल्क्रोचे. ठीक आहेत, पण घेताना दोन गोष्टी बघा, एक म्हणजे त्यात लोहचुंबक नको, दुसरं म्हणजे तो बेल्टला चिमटा काढून ढिला धरणारा क्लिपवाला प्रकार नको. मला स्वतःला आपला सुती पंचा सगळ्यात बरा वाटला. चार पदरी घडी करून फुगवट्यावर ठेवायची, त्यावरनं बेल्ट. एप्रिल-मे मध्ये फोमच्या पॅडखाली घाम येऊन टाक्याची जागा चुणचुणते, पंचा घाम पितो आणि रोज धुता येतो. लई जाड घडी नको, बेल्ट अंगाला चपटा बसला पाहिजे. दोन-तीन महिन्यांनी खूण जुनी झाली की बहुतेकांना पंचाची पण गरज राहत नाही, मला आता लांबच्या प्रवासालाच लागतो.

कपड्यांचं बघा. पुरुषांच्या शर्टाचा खिसा असतो कुठं? डावीकडं. त्यात मोबाईल, चष्म्याचं घर, पेन, डायरी, आणि आमच्या एका मित्राच्या खिशात चुन्याची डबी. त्यावरनं बेल्ट आला की ते सगळं पेसमेकरच्या तोंडावर दाबलं जातं. खिसा रिकामा ठेवा. मोबाईल तर तसाही पेसमेकरपासनं १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात, म्हणजे वीतभर धरा की झालं. विशेषतः ते पाठीला चुंबक असलेले फोन, गाडीतले चुंबकाचे मोबाईल होल्डर, वायरलेस चार्जर, हे छातीजवळ आणायचे नाहीत, चुंबकानं पेसमेकर तेवढ्या वेळापुरता वेगळ्याच मोडमध्ये जातो.

मावशीचा प्रश्न वेगळा होता. पदराच्या घड्या, पदराला खांद्यावर पिन, ब्लाऊजची शिवण, आतला पट्टा आणि वरनं मंगळसूत्र, हे सगळं थरावर थर बेल्टखाली. पहिल्यांदा ती म्हणाली मशीन टोचतंय, बघितलं तर टोचत होती पदराची पिन. गाडीत बसल्यावर पिन काढायची नाहीतर बेल्टखाली येणार नाही अशी लावायची, पदर एक पदरी सरळ पसरायचा, मंगळसूत्र बेल्टच्या वर काढायचं. ब्लाऊजची शिवण त्या जागेवर येत असंल तर शिंप्याला सांगून गळा जरा बदलून घ्या, नाहीतर रुंद पट्ट्याचं आतलं घ्या. बायका हे डॉक्टरांना सांगायला लाजतात आणि महिनोन्महिने त्रास काढतात, घरातल्यांनी आपणहून विचारावं.

आता काय करायचं नाही ते. मी केलं तसं बेल्ट काखेखालनं घ्यायचा नाही. खांद्याचं हाड मजबूत असतं, भार ते घेतं. काखेखालनं घेतला की धक्का सगळा बरगड्यांवर आणि त्याच्या मागं असलेल्या यकृत-प्लीहेवर. पाठीमागनं टाकून नुसता कमरेचा ठेवायचा नाही. मेकॅनिकला सांगून बेल्टची स्प्रिंग ढिली करून घ्यायची नाही, उद्यमनगरात मागंल ते करून मिळतं म्हणून सगळंच करून घ्यायचं नसतं. आणि अलार्म गप करायला ती लॉकमध्ये घालायची बनावट क्लिप, ती तर नकोच नको, २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं ऑनलाइन विकणाऱ्यांना ती काढून टाकायला लावली होती. बेल्ट नसंल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब खाली १००० रुपये दंड आहे, आणि नियम मागच्या सीटवाल्यांना पण लागू आहे, ते आपल्याकडं निम्म्या लोकांना अजून खोटं वाटतं.

"दाबानं मशीन बंद पडलं तर?" हा प्रश्न मला सगळे विचारतात. रोजच्या वापरात बेल्टच्या दाबानं पेसमेकर बंद पडत नाही. त्याचं कवच टायटॅनियमचं असतं, साधारण काडेपेटीएवढं पण घट्ट. दुखतं ते मशीनला नाही, मशीन आणि बेल्टच्या मध्ये सापडलेल्या आपल्या कातडीला. खरी भीती बेल्ट न लावण्याची, डॅशबोर्डवर छाती आपटली तर मग मशीन आणि मालक दोघांची वाट. यात गंमत अशी की माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला तो १९५८ साली स्वीडनमध्ये, आर्ने लार्सन नावाच्या पेशंटला, आणि आपण वापरतो तो तीन पॉइंटचा सीटबेल्ट आला तो पुढच्याच वर्षी, १९५९ ला, तोही स्वीडनमध्येच, व्होल्वोच्या नील्स बोलीन नावाच्या इंजिनिअरनं काढलेला. लार्सनचं ते पहिलं मशीन काही तासच चाललं, पण नंतर बदलत बदलत २० च्या वर मशीनं झाली आणि तो ८६ वर्षांचा होऊन २००१ मध्ये गेला. त्यानं बेल्ट कसा लावला असंल हा प्रश्न मला रंकाळ्यावर फिरताना बऱ्याचदा पडतो.

स्वतः गाडी चालवायची कधी ते डॉक्टरांना विचारा, चक्कर येऊन पडल्यामुळं पेसमेकर बसवला असंल तर जास्तच नीट विचारा, आणि शॉक देणारं मशीन असंल म्हणजे आयसीडी, तर त्याचे नियम अजून कडक असतात. चालवायला लागल्यावर छाती आणि स्टिअरिंगमध्ये २५ सेंटीमीटर तरी अंतर ठेवा, एक वीत आणि वर दोन बोटं, एअरबॅग उघडायला जागा पाहिजे. पहिल्यांदा गावात चालवू नका, पॉवर स्टिअरिंग असलं तरी महाद्वार रोडला गाडी वळवताना दोन्ही हात जे ताणतात ते हायवेला ताणत नाहीत. मी पहाटे शिरोलीपर्यंत जाऊन आलो. आणि बॉनेट उघडून चालू इंजिनवर वाकून बघायची जी आपल्याला सवय असते ती सोडायची, इंजिन बंद करून काय बघायचं ते बघा.

घाटाचं वेगळं सांगतो. गगनबावड्याला जाताना वळणावळणाला बेल्ट लॉक होतो आणि दर वेळेला थोडा थोडा आवळत जातो, अर्ध्या तासात छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. अशा वेळी बेल्ट काढायचा नाही. सपाट रस्ता आला की पाठ सीटला पूर्ण टेकवून बेल्ट बोटानं धरून थोडा पुढं ओढायचा आणि परत आत सोडायचा, मोकळा होतो. पुण्याला जाताना किणीच्या टोलनाक्यापासनं दर तासाला एकदा थांबून खाली उतरून खांदे हलवायचे. आणि घासतंय म्हणून सारखं बोटानं मशीन चाचपत बसायचं नाही. काही लोकांना ते फिरवायची सवय लागते आणि आतली वायर गुंडाळून जागेवरनं सुटते, डॉक्टर लोकांत त्याला ट्विडलर सिंड्रोम असं नावच आहे.

जोराचा ब्रेक लागला आणि दुखलं, पण दहा मिनिटात थांबलं, तर घाबरू नका. धडक झाली असंल, एअरबॅग उघडली असंल तर मात्र बाहेरनं काही दिसत नसलं तरी पेसमेकर चेक करून घ्या. तसंच ती जागा लाल झाली, गरम लागली, सुजली, पाणी किंवा पू आला, ताप आला, कातडी पातळ होऊन चकाकायला लागली किंवा मशीनची कड दिसायला लागली, तर ते बेल्टचं म्हणून पंचाची घडी जाड करत बसू नका, लगेच दाखवा. चक्कर, डोळ्यापुढं अंधारी आणि न थांबणारी उचकी हे पण त्यातच धरा, वायर हलली तर उचकी लागते हे मला पण आधी माहीत नव्हतं.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगा की मी गाडी चालवतो का शेजारी बसतो, डावखुरा आहे का, अंगानं किडकिडीत आहे का. मशीन कुठं आणि किती खोल बसवायचं ते ठरवताना डॉक्टर याचा विचार करू शकतात. बिनवायरचा पेसमेकर पण निघालाय, मांडीच्या शिरेतनं थेट हृदयात बसवतात, छातीवर फुगवटाच नाही, पण तो सगळ्यांना चालत नाही आणि किंमत ऐकून परत चक्कर यायची.

मावशी आता गपगुमान ड्रायव्हरच्या मागं बसते. परवा जोतिबाला गेलो तेव्हा स्वतःच पिन काढली, मंगळसूत्र वर घेतलं आणि पोराला म्हणाली, "चल आता." एकच लक्षात ठेवायला लागतं, उजवीकडच्या मागच्या सीटवरनं उतरताना दार रस्त्याच्या बाजूला उघडतं, मागनं टू-व्हीलरवाले सुसाट येत असतात. म्हणून आम्ही बेल्ट काढला की तिला तिकडनं उतरू देत नाही, सीटवरनं डावीकडं सरकवून फूटपाथच्या बाजूनं उतरवतो, आणि सरकताना हातावर भार द्यायचा तो उजव्या.